हसनभाईंकडे आलेले ढिले स्टँड

गॅरेजवाल्याला किस्से शोधावे लागत नाहीत. माणूस गाडीचं दुखणं सांगायला येतो आणि पाना फिरेपर्यंत स्वतःचं सांगून बसतो! म्हसळ्याला हसनभाई उस्तादांच्या हाताखाली मी अकरा वर्षं काढली. उस्ताद आता नाहीत. गॅरेज मी चालवतो, पण एखादा साइड स्टँड दुरुस्तीला आला की हात थांबतो, आणि त्यांचंच बोलणं आठवत राहतं.

* * *

मुंबईहून एकजण नवी कोरी बाइक घेऊन आला. स्टँड आखूड, गाडी भलतीच कलायची.

"उस्ताद, एवढी का झुकते?"

"पहिल्यांदाच गावाला आली ना? नमस्कार करतेय!"

* * *

कांबळे गुरुजी रिटायर झालेले. बायको वारल्यापासून दर रविवारी एकटेच श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर जाऊन बसायचे. एका सोमवारी तणतणत आले. "हसन, तुझं वेल्डिंग भिकार! गाडी पुन्हा आडवी झाली!"

उस्तादांनी स्टँडला चिकटलेली ओली वाळू नखाने काढून दाखवली. "गुरुजी, वेल्डिंग पक्कं हाय. स्टँड वाळूत रुततो. खाली करवंटी ठेवा."

"आणि विसरलो तर?"

"तर गाडीवरच बसा. समुद्र तेवढाच दिसतो!"

गुरुजी हसले. मग हळूच म्हणाले, "मागची सीट रिकामी असते रे. बसवत नाही."

उस्तादांनी त्या दिवशी चहा दोनदा मागवला.

* * *

मासेवाल्या जनाकाकींच्या गाडीचा स्टँड महिन्याला वाकायचा. मागे हा एवढा मोठा क्रेट!

उस्ताद वैतागले. "काकी, स्टँड किती वेळा सरळ करू? बांगडं कमी भरा जरा!"

काकी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "बांगडं? ते दर्यानंच कधीचे कमी केलेत! क्रेटमंदी निम्मा बर्फच हाय!"

* * *

इक्बाल कुवेतला ड्रायव्हर. वर्षातून दोन महिने घरी. एरवी गाडी पडवीत उभी, स्टँड गंजून घट्ट. या खेपेला सुट्टीही घरच्या धावपळीतच गेली, गाडी तशीच.

परत जायच्या आदल्या दिवशी तो आला. "उस्ताद, स्टँड वरच जात नाही."

उस्तादांनी तेल सोडलं, हातोडीने हलकेच ठोकलं. स्टँड हलेना. "वर्षभर एका जागी उभी राहिली. आता तिला कुठं जायचं नाही."

इक्बाल तिच्या टाकीवर हात ठेवून म्हणाला, "मला पण."

* * *

आणि सुनंदावहिनी. खाडीकडच्या वाडीतल्या. नवरा महेश बोटीवर खलाशी होता. एका वादळात बोट गेली ती आलीच नाही. बंदरावर लावलेली त्याची गाडी तेवढी घरी आली. घरात या दोघीच, वहिनी आणि सासूबाई. सासूबाईंना दिसत नाही, आणि सांगितलेलं लक्षातही राहत नाही.

स्टँडची स्प्रिंग सैल झाली, गाडी अंगणात पडली, म्हणून वहिनी ती ढकलत घेऊन आल्या. उस्तादांनी नवी स्प्रिंग टाकली, बोल्ट आवळला, ग्रीस भरलं. स्टँड असा बसला की आवाजही नाही!

दुसऱ्या दिवशी सकाळीच वहिनी पुन्हा गाडी घेऊन दारात.

"जुनी स्प्रिंग परत लावा."

"का? काय बिघडलं?"

"काल आई जेवल्या न्हाईत."

उस्तादांना काही कळेना. वहिनी खाली बघत म्हणाल्या, "संध्याकाळी मी अंगणात स्टँड वाजवते. महेश आला, असं वाटून त्या पानावर बसतात. काल वाजलाच न्हाय. म्हणाल्या, पोरगा आल्याबिगर मी कशी जेवू?"

उस्ताद भंगाराच्या डब्याकडे वळले. जुनी स्प्रिंग शोधली, लावली, ग्रीस पुसून काढलं. मग पायाने स्टँड खाली पाडला. खळ्ळ!

"असाच ना?"

वहिनींनी क्षणभर डोळे मिटले.

"अजून थोडा ढिला करा, उस्ताद. ते जोरात लाथ मारायचे."