भाऊजींनी टाकलेला बोया

माझे भाऊजी घराला कुलूप लावून धक्क्यापर्यंत जातात आणि गॅस बंद केला का ते बघायला परत येतात. गॅस बंदच असतो. असा काळजीखोर माणूस ताईने कसा पसंत केला, हे मला अजून उमगलेलं नाही. पण इंजिनं दुरुस्त करावीत ती त्यांनीच. त्यांनी हात लावलेली लाँच समुद्रात कधी बंद पडत नाही, कारण प्रत्येक नट ते दोनदा आवळतात आणि वर पुन्हा नुसता चाचपून बघतात.

म्हणूनच दरवर्षी शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत बोया टाकायचं काम त्यांच्याकडे असतं. बोया म्हणजे साखळीने नांगराला बांधलेलं लाल पिंप. होड्यांनी धक्क्यापासून निघायचं, खडकांच्या अलीकडे त्याला वळसा घालायचा आणि परत यायचं. त्या दिवसांत आमचं बेट पाहुण्यांनी फुगतं. शाळेच्या वर्गांत गाद्या पडतात, दारोदारी ओल्या कपड्यांच्या दोऱ्या लागतात. बाहेरची खोली पाहुण्यांना देऊन आम्ही स्वयंपाकघरात झोपतो आणि कुरकुरतो. पण पाहुणे शेजारी उतरले, तर जळफळाटही आमचाच.

यंदा भाऊजींची मुलगी, आमची भिंगरी, पहिल्यांदाच शर्यतीत होती. बेटाची होडी आजवर कधी जिंकली नव्हती. या पोरीने सुकाणू धरल्यापासून मात्र सगळ्यांच्या आशा पल्लवित झाल्या होत्या. एकट्या भाऊजींना आठवडाभर धड घास गेला नाही.

शर्यत सुटली आणि वारा वाढला. भाऊजी धक्क्यावर येरझारा घालू लागले.

"नांगर सरकला असेल तर? बोया खडकांकडे गेला, तर होड्या सरळ खडकांवर जातील."

"सकाळी तुम्हीच टाकलाय ना?" मी म्हटलं.

"म्हणूनच तर."

ते बघायला निघाले, तशी ताईने मला डोळ्यांनी खुणावलं. मी त्यांच्या लाँचमध्ये चढले.

खरं सांगते, जाताना मलाही धडकी भरली. काळजी पडशासारखी लागते, शेजारी बसलं तरी पुरे. पोचलो, तर बोया जागच्या जागी. धक्क्यावरची पाण्याची टाकी आणि शाळेचं छप्पर एका रेघेत दिसलं की जागा बरोबर, ही भाऊजींचीच खूण. रेघ तंतोतंत जुळत होती.

"झालं समाधान? चला आता."

"साखळी एकदा ओढून बघतो."

ओढून बघितली. मग दुसऱ्या बाजूने बघितली. मी ओरडत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. तेवढ्यात पहिलं शीड येऊन ठेपलं. भिंगरीचं! बाकीच्या होड्या बऱ्याच मागे होत्या. ती वळायला लागली, तर वाटेत आमची लाँच आडवी.

"बाबा, बाजूला व्हा!"

भाऊजींनी गडबडून लाँच मागे घेतली, ती नेमकी तिच्याच अंगावर. भिंगरीने सुकाणू झटक्यात फिरवलं. शीड फडफडून सैल पडलं आणि होडी जागीच अडली. दोन होड्या तिच्या शेजारून निघून गेल्या. खडक चांगले लांब होते. आपटण्यासारखं तिथे आमच्याशिवाय काहीच नव्हतं.

ती तिसरी आली. तक्रार करायची का, असं पंचांनी विचारलं. ती नाही म्हणाली. मला भाऊजींचा असा राग आला होता की दोन शब्द सुनावावेत, पण त्यांचं तोंड बघून मी लाँचचा दोर गुंडाळायला लागले.

संध्याकाळी बाहेरच्या खोलीत पाहुण्यांचे हसणंखिदळणं चाललं होतं. आम्ही चौघं स्वयंपाकघरात. भिंगरी टॉवेलने केस पुसत भाऊजींसमोर येऊन बसली. आता ही त्यांना फाडून खाणार, असं मला वाटलं. ती अगदी शांतपणे बोलली.

"बाबा, पुढच्या वर्षी मी पलीकडच्या बेटावरच्या शर्यतीत उतरणार आहे. तुम्ही यायचं नाही."

भाकरी थापणाऱ्या ताईचा हात थांबला.

"बरं," भाऊजी फरशीकडे बघत म्हणाले.

मग त्यांनी मान वर केली, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते.

"तिथं बोया कोण टाकतं गं?"