मोगलाई वकिलाचा अर्ज

हे लिहायला मी बसावं की नाही, याचा निकाल माझा मलाच लागत नव्हता. आमच्या घरात पोस्टकार्डापलीकडे कोणी काही लिहिलेलं नाही. कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि तोही आत्ता कुठे बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. शिवाय यातल्या काही माणसांविषयी माझं मत चांगलं नाही आणि ते झाकून लिहिण्याची कला मला येत नाही. लहान तोंडी मोठा घास झाला असेल तर वाचणाऱ्यांनी माफ करावं.

आमचं गाव लोणारपासून पायी तासाभराच्या वाटेवर. गावाच्या दक्षिणेला नाला आहे. नाल्याच्या अलीकडे वऱ्हाड, पलीकडे पूर्वीचं निजामाचं राज्य. आमची माणसं त्याला अजून मोगलाईच म्हणतात. ते राज्य गेलं, दोन्ही काठ एकाच महाराष्ट्रात आले, पण पलीकडच्या जमिनीचे जुने कागद उर्दूतच राहिले, त्यांवरची सालं फसली, म्हणजे निजामाच्या महसुली गणनेतली, राहिली आणि तिकडचा कूळकायदाही निराळाच राहिला. आमचं पाच एकर रान पलीकडे आहे, म्हणून हे मला माहीत.

या कागदांसाठी लोणारच्या बाजारात एक म्हातारे वकील बसत. मराठीच घरातले, पण वकिली शिकले उर्दूत, सनद निजामाच्या वेळची. मुलगी लोणारला दिलेली, म्हणून म्हातारपणी तिच्याकडे येऊन राहिले. बाजाराच्या दिवशी शिंप्याच्या ओट्यावर सतरंजी टाकायची, शेजारी पत्र्याच्या पेटीत कापडी बांधणीची पुस्तकं, आणि माणूस समोर बसला की पहिला प्रश्न ठरलेला.

"शेत नाल्याच्या अलीकडचं का पलीकडचं?"

अलीकडचं म्हटलं की ते कागद हातातसुद्धा घेत नसत. "इकडचा कायदा मी शिकलो नाही. तालुक्याला जा, तिथं मोठमोठे वकील आहेत." कितीही ओळखीचा माणूस असला तरी हेच उत्तर. आपल्याला येतं तेवढंच सांगायचं, ही रीत मी तोवर दुसऱ्या कुठल्या वकिलात पाहिली नव्हती. नंतरही पाहिली नाही.

तालुक्याचे मोठमोठे वकील असा भेदभाव करत नसत. त्यांना दोन्ही काठ सारखे. आमच्या रानावर कुळाचा हक्क सांगणारा एक जण उभा राहिला, तेव्हा वडील आधी त्यांच्यातल्या सर्वांत मोठ्यांकडेच गेले. त्यांच्या भिंतीवर पुस्तकं, टेबलावर घंटी, आणि घंटी वाजवली की येणारे कारकून. त्यांनी आमचा उर्दू कागद बराच वेळ हातात धरला. कागदात त्यांना ओळखू आला तो एक चार आकडी आकडा. तो त्यांनी अर्जात शेताचा सर्व्हे नंबर म्हणून घातला. ज्या गावात सगळी मिळून दोनशे शेतं नाहीत, तिथं आमचं शेत तेराशेव्या नंबराच्याही पुढं जाऊन बसलं. तो आकडा होता फसली सालाचा.

म्हाताऱ्या वकिलांनी अर्ज वाचला, चष्मा काढून पुसला आणि वडिलांना एवढंच म्हणाले, "हे साल आहे. याच्यात ज्वारी पेरता येत नाही." मग त्यांनी दुरुस्तीचा मजकूर सांगितला. तो वाचून कोर्टात हाकीम हसले आणि त्यांच्या मागोमाग कोर्टातले सगळे हसले. मोठे वकील हसले नाहीत. महिन्याभरातच तालुक्याच्या वकील मंडळींचं पत्र लोणारला आलं: आपण कोणत्या अधिकाराने सल्ला देता त्याचा दाखला आणावा, तोवर व्यवसाय बंद ठेवावा.

मी दिवाळीच्या सुट्टीत घरी होतो. पुढचं सारं माझ्यामुळे झालं, हे मान्य केल्याशिवाय पुढं लिहिता येणार नाही. म्हातारे वकील ते पत्र पेटीच्या तळाशी टाकून मोकळे झाले होते. मीच त्यांना सांगितलं, की असं करू नका, रीतसर अर्ज करा. फक्त मोगलाई कायद्यापुरता सल्ला देण्याचा मर्यादित दाखला मागा. तुम्ही तेवढंच करता, मग ते नाही कशाला म्हणतील? मी राज्यशास्त्र शिकत होतो. अर्ज न्याय्य असला की मंजूर होतो, असं पुस्तकात कुठं लिहिलेलं नव्हतं, पण माझा तसा समज होता.

वडिलांनी मला वाटेत थांबवलं. "काऊन त्याले भरीले घालून राह्यला बे? आतापावतर त्याले कोनी काही इचारलं नाही. तू कागद मांगशील, मंग ते नाही म्हनतीन. मांगितलं नाही तर नाही कायले म्हनतीन?"

"बाबा, कायद्यानं जावं लागते."

"हाव. तू जाय."

अर्ज मी इंग्रजीत लिहिला. तीनदा लिहिला. आणि दाखला येईपर्यंत ओट्यावर न बसणंच योग्य, असंही मीच सुचवलं. म्हातारे वकील म्हणाले, "मियाँ, तुम्ही शिकलेले. तुम्ही म्हणता तर नाही बसत."

तपासायला तीन वकिलांची समिती बसली. अध्यक्ष कोण, तर तेच, आमचं शेत फसली सालात नेऊन टाकणारे. तिघांपैकी एकालाही उर्दू येत नव्हतं, आणि तिघं मिळून म्हाताऱ्या वकिलांना मोगलाई कायदा येतो की नाही हे ठरवणार होते. मी अर्जदारासोबत गेलो होतो, म्हणून मला दाराशी बाकावर बसू दिलं.

अध्यक्षांनी सनद उलटी धरली, मग सुलटी केली. "ही वाचायची कशी? अधिकृत भाषांतर जोडा."

"कोणाचं चालेल?" म्हाताऱ्या वकिलांनी विचारलं.

"कोर्टाचे उर्दू कागद जे वाचून देतात, त्यांचं."

कोर्टाचे कारकून तिथं होते, ते खाकरले. "साहेब, ते हेच आहेत. आपले उर्दू कागद इतकी वर्षं मी यांच्याकडंच पाठवतो."

मला वाटलं, आता संपलं, आता लाजतील. अध्यक्ष लाजले नाहीत. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "मग अडचण आहे. स्वतःच्या सनदेचं भाषांतर स्वतः कसं करता येईल? तत्त्वाचा प्रश्न आहे."

समितीतल्या दुसऱ्या वकिलांनी सुचवलं, की ज्या सरकारनं सनद दिली त्या सरकारचं पत्र आणावं.

"ते सरकार आता नाही," म्हातारे वकील म्हणाले.

"तो आमचा दोष नाही."

मग अध्यक्षांना आठवण झाली, की ज्ञानाची लेखी परीक्षा घेता येईल. कुळाच्या हक्कांवर, वारसांवर, नोंदींवर, जे जे माहीत असेल ते सगळं मराठीत, उदाहरणांसह लिहून द्या. परतताना एस.टी.त मी खूश होतो. म्हातारे वकील खिडकीबाहेर बघत होते. "एवढं कोणी विचारलं नव्हतं आजवर," ते म्हणाले, आणि त्यांनाही बरं वाटलं असावं. आठवडाभर बसून त्यांनी चाळीस पानं लिहिली. सुवाच्य अक्षरात नक्कल मी केली. अध्यक्षांच्या टेबलावर नेऊन ठेवली तीही मीच. दुसरी प्रत ठेवावी, हे मला सुचलं नाही.

सुट्टी संपली, मी अकोल्याला कॉलेजात परत आलो. दर आठवड्याला वडिलांना पत्रात विचारत होतो. उत्तर येत नव्हतं. वडील कामाचं असलं तरच लिहितात.

परीक्षेच्या आधी पोस्टकार्ड आलं. पेन्सिलनं लिहिलेलं, कडेपर्यंत भरलेलं. त्यात असं होतं, की दाखला नामंजूर झाला. सनदेचं भाषांतर जोडलं नाही हे कारण दिलं. चाळीस पानं परत मागितली, ती सापडत नाहीत म्हणतात. मोठ्या वकिलांनी दारावर नवी पाटी लावली आहे, मोगलाई कायद्याचे जाणकार म्हणून, आणि गर्दी असते. म्हातारे वकील लोणारला बसत नाहीत. बाजाराच्या दिवशी नाला ओलांडून पलीकडे लिंबाखाली पेटी घेऊन बसतात. तिथं तालुक्याच्या वकील मंडळींचं चालत नाही, त्यांची जुनी सनद चालते, दाखला लागत नाही. मुलीच्या घरून चालत येतात, पाय सुजतात. आपल्या तारखेचे कागद मी तिथंच दाखवून आलो. त्यांनी तुझी चौकशी केली. पोराचं इंग्रजी चांगलं आहे, अर्ज चांगला लिहिला होता, म्हणाले.