मोकळा माणूस पाठवा

"बाई, तुम्ही इंग्रजी बोलून दाखवा की."

नववीतली पोरगी म्हणाली. बाप इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला, घरात हिंदी, गल्लीत मराठी आणि हातात भावाचा मोबाईल. त्या मोबाईलवर कुणीतरी एक मुलगी इंग्रजी बोलायला शिकवते आणि ही रोज बघते. "तिच्यासारखं बोला, बाई. पाचच मिन्टं. आम्ही गप बसून ऐकतो." झालं, सगळा वर्ग तिच्या बाजूनं. बाई बोला, बाई बोला!

मी मोठ्या रुबाबात "व्हाय नॉट?" म्हटलं आणि तिथंच अडकले. माझं नाव सांगितलं, शाळेचं नाव सांगितलं. पुढचं वाक्य आधी मराठीत जुळवलं, मग त्याचं इंग्रजी करायला घेतलं, आणि तोवर पोरं माझ्या तोंडाकडं बघायला लागली. "बरं, पुरे. पोर्शन राहिलाय, धडा काढा," म्हटलं. ती हसली असती तर मी दोन शब्द सुनावून मोकळी झाले असते. पण ती हसली नाही. मान खाली घालून तिनं गुपचूप पुस्तक उघडलं. तिला माझी कीव आली होती, आणि ते मला घरी गेल्यावरही सहन होईना.

सांगून टाकते. दहावीला इंग्रजी शिकवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. निकाल दरवर्षी शंभर टक्के. वडगावपासून इकडं इचलकरंजीपर्यंत 'इंग्रजीच्या बाई' म्हटलं की माझंच नाव घेतात. आणि मला इंग्रजी बोलता येत नाही. व्याकरण विचारा, झोपेतून उठवून विचारा, सांगते. पत्रलेखन, सारांश, काय पाहिजे ते लिहून देते. पण समोर माणूस बसवा आणि त्याच्याशी चार वाक्यं बोला म्हणा, की माझी दातखीळ बसते.

येणार तरी कसं? माझ्या लहानपणी आमच्या गावातल्या शाळेत सर एक वाक्य वाचायचे, त्याचा मराठीत अर्थ सांगायचे आणि प्रश्नांची उत्तरं फळ्यावर लिहून द्यायचे. कॉलेजातही तेच, फळा सोडून. बी.एड.ला पाठाच्या दिवशी जेवढं पाठ केलं तेवढं बोलले. मग नोकरी लागली आणि मीही तेच करत राहिले: वाक्य वाचा, अर्थ सांगा, उत्तर लिहून द्या. पोरं पास होत गेली, तसं मला विचारणारं कुणी राहिलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, शिक्षकांना प्रशिक्षणं असतात की! असतात ना. ढिगानं असतात. कधी तालुक्याला, कधी कोल्हापुरात. पण आमच्या शाळेत प्रशिक्षणाला कुणी जायचं ते विषयावर ठरत नाही. इंग्रजीचा एक शिक्षक पाठवा असं कळलं, की हेडसर खुर्चीतूनच ओरडतात, "मोकळा माणूस कोण हाय?" ज्याच्यावाचून अडत नाही तो मोकळा. आणि आमच्यात सगळ्यात मोकळे कोण, तर पीटीचे सर.

माणूस देवासारखा. कबड्डी खेळून गुडघे झिजवलेले, आवाज असा की मैदानाच्या दुसऱ्या टोकाची पोरं ताठ उभी राहतात. इंग्रजीतून गोष्ट कशी सांगावी, इंग्रजी गाणी कशी घ्यावीत, मुलांना बोलतं कसं करावं, सगळी प्रशिक्षणं ह्यांनी केली. दर वेळी नवी पिशवी खांद्याला लावून परत यायचे आणि आतलं पुस्तक माझ्या टेबलावर ठेवायचे. "बाई, हे तुमचं हाय. मला तर जाम झोप आली. जेवण मात्र बेस होतं, पनीर होतं."

ती पुस्तकं मी घरी नेऊन अधाशासारखी वाचायची. पण वाचून काय होणार? दर पानावर तेच: जोडीदाराशी बोला, जोडीदाराला विचारा. जोडीदार आणू कुठून? एकदा आमच्या ह्यांना समोर बसवलं. सकाळपासून काय काय केलंत, इंग्रजीत सांगा म्हटलं. सूतगिरणीतून दमून आलेला माणूस. मी काहीही विचारलं की "यस, यस" म्हणायचे आणि वर, "चहा ठेवतीस काय?" हसावं का रडावं कळेना.

अशात एके दिवशी शिक्षकांच्या ग्रुपवर एक पत्रक आलं. इंग्रजीच्या शिक्षकांसाठी बंगळूरला एक महिन्याचं निवासी प्रशिक्षण. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत इंग्रजीतच बोलायचं. चुकलात तर चुकत बोला, पण बोला. आपल्यासारखेच गावोगावचे शिक्षक असणार, सगळेच अडखळणार, कुणी कुणाला हसणार नाही. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. खाली अट होती: वय पन्नासच्या आत. दिवाळीत मला पन्नास वर्षं पूर्ण होणार होती. म्हणजे हीच वेळ. ही गेली की संपलं.

मी तशीच उठले आणि हेडसरांच्या खोलीत गेले.

"सर, ह्या वेळी मला पाठवा."

"तुम्हाला?" ते हसायलाच लागले. "आणि दहावीवर कोण, मी उभा राहू? माझा विषय भूगोल हाय, बाई."

"मग पीटीच्या सरांचा विषय कुठला हाय? ते जातात न्हवं दर वेळी इंग्रजीच्या ट्रेनिंगला?"

"ते मोकळे असतात."

"सर, मला इंग्रजी बोलता येत नाही." हे वाक्य मी तोवर कुणापुढंच उच्चारलं नव्हतं.

"काय तर बोलता बाई! निकाल बघा की तुमचा."

"निकाल लिहिण्याचा असतो सर. बोलायचं कोण तपासतंय?"

"मग झालं तर. जे कोण तपासत न्हाय त्याच्यापायी कशाला जीव काढताय?" असं म्हणून त्यांनी शिपायाला चहा सांगितला. मला चहा पाजून वाटेला लावलं.

त्या रागात मी ठरवलं, आता शिकवायचंच नाही. निकाल पडू दे खड्ड्यात. निकाल चांगला म्हणून मला दावणीला बांधून ठेवलंय काय? मग निकालच बिघडवते! दुसऱ्या दिवशी दहावीच्या वर्गात गेले आणि खुर्चीत नुसती बसून राहिले. मग एकजण उठून आला, "बाई, बरं न्हाय काय?" दुसरीनं आपल्या बाटलीतलं पाणी पुढं केलं. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "गप रं, बाईंचं डोकं दुखतंय." काय करणार? उठले, खडू घेतला आणि नेहमीसारखं शिकवलं. स्वतःचाच इतका संताप आला होता की खडू दोनदा मोडला.

शेवटी बाजाराच्या दिवशी ह्यांच्या गाडीवर मागं बसून वडगावला गेले, संस्थेच्या चेअरमनांकडं. त्यांची बाजारात अडत. गुळाच्या ढेपा उतरत होत्या, तशातच त्यांनी आम्हाला गादीवर बसवलं. "या पावणं, बसा," ह्यांना म्हणाले, आणि माझं सगळं नीट ऐकून घेतलं. मला वाटलं, पावलं आता.

"बाई, तुम्ही म्हणजे आमच्या संस्थेचं भूषण," ते म्हणाले. "तुम्हाला शिकवणारा कुठून आणायचा?"

"आण्णा, मी हात जोडते. एकच महिना."

"ऐका माझं. तुमच्या नावावर पोरं येतात. दहावीच्या बाईच महिनाभर न्हाईत म्हटलं की आईबाप पोरं उचलून इंग्लिश मीडियमला टाकणार. पोरं गेली की तुकडी मोडली, तुकडी मोडली की एक शिक्षक घरी. कुणाला घरी बसवू, तुम्हीच सांगा."

खोटं बोलत नव्हते ते. ह्यांनी माझ्याकडं बघून नुसती मान हलवली आणि आम्ही उठलो. परत येताना जीव नुसता आत तडफडत होता. शाळा मला चांगली म्हणत होती म्हणून मला शिकता येत नव्हतं. हे कुणाला सांगावं आणि कुणाच्या पदरात टाकावं?

इकडं हेडसरांनी नेहमीप्रमाणे पीटीच्या सरांचं नाव कळवायचं ठरवलं. सरांनी ते ऐकलं आणि मधल्या सुट्टीत मला व्हरांड्याच्या टोकाला गाठलं.

"बाई, मी बंगळूरला जाऊन काय करू? महिनाभर इंग्रजी? मरंन की मी! तुम्ही जावा."

"मला सोडत नाहीत, सर."

"सोडत न्हाईत कसं? मी पाय मुरगळतो."

आणि खरंच दुसऱ्या दिवशी घोट्याला पट्टी गुंडाळून लंगडत आले. प्रार्थनेला डाव्या पायानं लंगडत होते, दुपारी उजव्या. मला हसू आवरेना. किती दिवसांनी हसले असेन! हेडसर म्हणाले, "आता काय करायचं? बघू." बघू म्हणजे मलाच पाठवणार. दुसरं होतं कोण? चित्रकलेचे सर निवृत्त झालेले, शिवणाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर.

मी घरी सांगितलं. ह्यांनी माळ्यावरची बॅग काढली आणि तिची चेन बिघडली होती ती नीट करून आणली. "जा तू. मी घरचं बघतो. भात येतोय मला," म्हणाले. स्वयंपाक करताना मी भांड्यांशी इंग्रजी बोलायला लागले. तव्याला विचारायची, तू तापलास का? कुकरला म्हणायची, ओरडू नकोस. काळ चुकायचे, शब्द अडायचे, पण ऐकायला कुणी नव्हतं, म्हणून थांबायची नाही. ते दिवस फार चांगले गेले. आयुष्यात पहिल्यांदा मी विद्यार्थिनी होणार होते आणि त्याची भीती वाटत नव्हती.

मग ग्रुपवर निवड झालेल्यांची नावं आली. मी वरून खाली वाचली, खालून वर वाचली. आमच्या शाळेचं नावच नव्हतं. वाटलं, राहून गेलं असेल. हेडसरांना विचारायला स्टाफरूममध्ये गेले. सगळे डबे उघडून बसले होते.

"सर, आपल्या शाळेचं नाव नाही."

"न्हाय. मी कळवलंवतं की, शिक्षक उपलब्ध न्हाय म्हणून. पीटीच्या सरांचा पाय हा असा, मग कुणाला पाठवणार?" आणि त्यांनी चपातीचा घास तोंडात घातला.

पीटीचे सर डबा बाजूला सारून उभेच राहिले, पट्टी बांधलेल्या पायावर, धडधाकट. कुणाचं लक्ष नव्हतं.

"सर, मी होते की," मी म्हणाले. "मी उपलब्ध होते. दिवाळीला माझं वय संपतंय."

"अहो बाई, परत तेच? तुम्हाला येतंय सगळं. तुम्हाला काय कमी हाय?"

तेव्हा माझं डोकं फिरलं. म्हटलं, ह्या माणसाला एकदा ऐकवायचंच. किती कमी आहे ते ह्याच्या कानांनी ऐकू दे. "ऐका मग," मी म्हणाले. "माझं इंग्रजी ऐका आणि मग सांगा."

आणि मी इंग्रजीत सुरू झाले. भांड्यांशी बोलायची तशी, मागचापुढचा विचार न करता. मी म्हणाले की मी इंग्रजीची बाई आहे आणि मला इंग्रजी येत नाही. इतकी वर्षं मी पोरांना उत्तरं पाठ करायला लावली, बोलायला शिकवलं नाही, कारण मलाच कुणी शिकवलं नाही. मी म्हणाले, मी तुमच्याकडं भीक मागितली, तुम्ही चहा दिलात. आता मी अशीच निवृत्त होणार आणि माझ्या हाताखालून गेलेली पोरं जन्मभर माझ्यासारखी गप बसणार. क्रियापदं कुठंही पडत होती. एक शब्द सापडला नाही म्हणून मी टेबलावर हात आपटला. दम लागला तेव्हा थांबले.

मग हेडसरांनी डबा खाली ठेवला आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. बघता बघता सगळ्यांनीच वाजवल्या.

"वा वा! आणि म्हणं बोलता येत न्हाय!" हेडसर म्हणाले. "बाई, ह्या गॅदरिंगला पावण्यांची ओळख तुम्हीच इंग्रजीत करून द्यायची. ठरलं."

सगळ्यात जोरात टाळ्या पीटीच्या सरांच्या. ते माझ्याजवळ आले, डोळ्यांत पाणी आलेलं. "नाद खुळा, बाई! मी एवढी ट्रेनिंगं केली, पण असं बोलणारं माणूस बघितलं न्हाय. काय बोलला ते काय कळलं न्हाय आपल्याला, पण बेस बोलला."

मी खुर्चीत बसले. पदर तोंडाला लावला तरी रडू आवरेना. शेजारच्या गणिताच्या बाई माझ्या पाठीवरून हात फिरवत बाकीच्यांना म्हणाल्या, "आनंदानं भरून आलंय त्यांना."