कुणीच न बोललेलं वाक्य

देव पावल्याच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी एके काळी भरपूर टिंगल केली आहे, त्यामुळे ही हकीकत लिहिताना हात आखडतो. आमचं घर मूळचं कर्नाटकाच्या सीमेजवळच्या मंद्रूपचं, पुढे सोलापुरात स्थिरावलेलं. घरात कानडी, बाहेर मराठी. चादरींच्या एका पेढीने मला कलकत्त्याला पाठवायचं ठरवलं तेव्हा आई मला सिद्धेश्वराच्या देवळात घेऊन गेली. "नंदीच्या कानात सांग की रे, काय पायजे ते," म्हणाली. मी म्हणालो, "अगं, दगडाला कसले कान?" तिने कपाळावर हात मारून घेतला आणि माझ्याऐवजी स्वतःच वाकून बराच वेळ काहीतरी पुटपुटली.

कलकत्त्यात काही वर्षं राहिल्यावर बंगाली आली. बांगलादेशाच्या लढाईच्या वर्षी सीमेपलीकडे जाणाऱ्या एका परदेशी वार्ताहराला दुभाषी हवा होता. इंग्रजी येत होतं, अंगात रग होती, गेलो. हे काम लांबून सोपं दिसतं. पण अवघड प्रश्न साहेब विचारणार आणि लोकांच्या भाषेत तो निघणार माझ्या तोंडून. डोळे वटारले जायचे ते माझ्यावर. साहेबामागे त्याचा देश उभा होता, माझ्यामागे कोण होतं? शिवाय एक सवय जडते. ऐकलेलं वाक्य मनात थांबतच नाही, कानातून थेट जिभेवर येतं.

त्या सकाळी धुकं दाट होतं. दोन्ही बाजूंना पाणी आणि मधून बांधावरचा कच्चा रस्ता. बंदुका घेतलेल्या काही माणसांनी आम्हाला अडवलं. ती कोणत्या बाजूची, हे विचारायची सोय नव्हती. म्होरक्या म्हणाला, "पुढे रस्ता मोकळा आहे, जा." मी साहेबाला तसं सांगितलं. तेवढ्यात अगदी कानाशी कुणीतरी थकलेल्या, जाड आवाजात म्हणालं, "मुंद होगब्याड." पुढे जाऊ नको! आमच्या मंद्रूपकडची कानडी, कट्ट्यावर बसलेल्या एखाद्या म्हाताऱ्याने बोलावी तशी. आणि सवयीप्रमाणे मी तेही इंग्रजीत करून टाकलं: पुढे जाऊ नका, म्हणतोय.

"कोण म्हणतोय?" साहेबाने विचारलं.

मी वळून पाहिलं. मागे पाणी होतं आणि पाण्यावर धुकं. तिथे माणूस उभा राहायला जागाच नव्हती. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

म्होरक्याला इंग्रजी येत नव्हतं, पण तो काही खुळा नव्हता. "मी एकदा बोललो, तू त्याला दोनदा काय सांगितलंस?" काय सांगणार, कप्पाळ! हेर म्हणून त्यांनी माझे हात गमछ्याने बांधले आणि मला पाण्याच्या काठाला गुडघ्यांवर बसवलं. साहेब हातापाया पडत होता. पण त्याचं बोलणं त्यांना कळायचं तर बंगालीत मीच सांगायला हवं! "हा माणूस निर्दोष आहे, याला सोडा," असं मी माझ्याबद्दलच सांगत होतो आणि ते हसत होते. म्हणाले, "बघा, स्वतःचीच वकिली करतोय." खरं सांगतो, देवाचं नावसुद्धा आठवेना. डोळ्यांपुढे आली ती नंदीच्या कानाशी वाकलेली आई. मनात म्हटलं, बाबा, माझे शब्द संपले, आता तूच बोल.

धुक्यातून खुरांचा आवाज आला. एक पांढरा बैल, दावं तुटलेला. गाव पळून गेल्यावर मागे राहिलेला असावा. तो माझ्या इतक्या जवळून गेला की त्याचा ऊन श्वास तोंडावर आला. सावकाश चालत तो बांधावरून पुढे गेला आणि दिसेनासा झाला. म्होरक्याने माझ्यावर बंदूक उचलली होती. त्याच वेळी पुढे सुरुंग उडाला. दोन्हीकडचं पाणी थरारलं, आमच्या अंगावर चिखल पडला, आणि मग सगळं चिडीचूप.

आदल्या दिवशी ते स्वतः त्याच रस्त्याने आले होते आणि थोड्या वेळाने त्याच रस्त्याने परतणार होते. म्होरक्याने माझे हात सोडले आणि हळूच विचारलं, "दुसऱ्यांदा तू त्याला थांब म्हणालास ना? तुला कुणी सांगितलं?" मी म्हणालो, "ठाऊक नाही." आम्हाला जाऊ देताना त्यांच्यापैकी कुणी माझ्या डोळ्यांत पाहिलं नाही.

सोलापूरला परतल्यावर आईला सगळं सांगितलं. वाटलं, आता ती म्हणेल, बघ, दगडाला कान असतात की नाही! पण ती तसलं काही बोलली नाही. ते वाक्य तिने मला त्याच आवाजात पुन्हा म्हणायला लावलं. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "तुला सांगितलं, लई उपकार झाले देवाचे. पर त्या बैलाला कुनीच कसं सांगितलं न्हाय रे?"

कृपा कुणाच्या वाटणीची कुणाला मिळते, हे आपण ठरवत नाही. पदरात पडली तर मान खाली घालून घ्यावी, एवढंच कळलं. आता मी देवळात जातो तेव्हा नंदीपाशी माणसं त्याच्या कानात आपापली मागणी सांगत असतात. माझा नंबर आला की मीही वाकतो, त्या कानावर हात आडवा धरतो आणि म्हणतो, "मुंद होगब्याड, अप्पा."