तेजलच्या तीन बाटल्या

मुलुंडला चौथ्या मजल्यावर नलिनीच्या गॅलरीत वर्षभर दोनच मानकरी उन्हाला बसायचे. एक कोकमाच्या आगळाची बरणी, आणि तिच्याशेजारी तेजलच्या तीन बाटल्या.

नलिनी कुडाळकडची. सासरा गिरणीतला, नवरा चंद्रप्रकाश मुलुंडच्याच एका कारखान्यात फिटर. या घरात दारू यायची ती राखणदार देवाला गाऱ्हाणं घालण्यापुरती, तीही गावाला. आणि पोटची एकुलती एक पोर निघाली वाईन करायला! तेजल दिंडोरीकडे नोकरीला लागली तेव्हा नलिनीनं सोसायटीत सांगितलं, "ज्यूसच्या कंपनीत आसा."

एका एप्रिलात तेजल त्या तीन बाटल्या घेऊन आली. लेबल नाही, काही नाही.

"आई, द्राक्ष एकच, शिराझ. वाईन केलीयही मीच, एकाच तऱ्हेनं. पण ही दिंडोरीची, ही सांगलीची आणि ही अकलूजची."

"मगे तीन बाटले कित्याक? एका टोपात ओतूक काय झाला?"

"मामाकडचं कोकम आणि आपल्याकडचं कोकम, चव सारखी लागते का गं तुला?"

"लागात कशी? त्येंची जमीन पाणथळ, आमचो कातळ."

"झालं! एवढंच शिकायला मी चार वर्षं घातली, यार."

मग पोरीनं जमिनीवर फतकल मारून आईला समजावलं. दिंडोरीच्या उतारावर रात्री गारठा, मुरमात पाणी थांबत नाही. द्राक्ष दमानं पिकतं, आंबटपणा सोडत नाही. अकलूजला ऊन दांडगं, काळी माती ओल धरून बसते. द्राक्ष गोडाला येतं, वाईन जिभेवर जड बसते. सांगली या दोघींच्या मधली.

"चतुर्थी झाली की उघडू. डोळे मिटून एकेक घोट घे आणि ओळख कुठली कुठची."

घोटाळा नको म्हणून नलिनीनं बाटल्यांच्या गळ्यात दोरे बांधले. दिंडोरीला लाल, सांगलीला पांढरा, अकलूजला काळा.

मे सरता सरता कसारा घाटात तेजलची गाडी उलटली. पोर जागीच गेली.

नलिनी रडली कमी. बाटल्या मात्र तिनं सांभाळल्या. पावसाळ्यात शेगडीच्या कडेला, उघडीप झाली की गॅलरीत. चंद्रप्रकाश एकदा म्हणाला, "अगो, कित्याक नाचवतंस त्यांका?"

"बंद घरात वस्तू बुरसता. उन्हान टिकता."

खोटं नव्हतं ते. आगळ, लोणचं, सांडगे, ऊन दाखवलेलं तिच्या हातचं काही आजवर नासलं नव्हतं.

वर्षश्राद्धाला तेजलबरोबर काम करणारा सिद्धेश आला. जेवणं उरकल्यावर नलिनी म्हणाली, "उघड रे आता. माझ्या चेडवान काय केल्यान ता माका एकदा कळाक होया."

बाटल्या आणायला तो गॅलरीत गेला आणि तिथंच थबकला. "काकू, या इथंच असतात?"

"रोज. एक दिस चुकवक नाय."

बुचं वर सरकली होती, गळ्यावर चिकट ओघळ सुकले होते. त्यानं तीन पेले भरले. नलिनीनं डोळे मिटले. पहिला घोट आंबूस, करपलेल्या मुरांब्यासारखा. दुसरा तसाच. तिसराही तसाच. तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"दोरे बदलले काय रे?"

"नाही काकू."

"मगे तीनय एकच कशी लागतत?"

सिद्धेशनं एक पेला उचलून हुंगला आणि परत खाली ठेवला.

"खरा सांग. माझी शपथ."

"वाईनला ऊन चालत नाही, काकू. गार अंधारात ठेवायची असते. तिन्ही शिजल्या."

"आणखी खंय आसा तिच्या हातची?"

"नाही. एवढ्याच होत्या."

नलिनीनं तिन्ही दोरे सोडले आणि मुठीत धरले. "मी विचारूक होया होता," म्हणाली. कुणाला विचारायचं, ते काही तिनं सांगितलं नाही.

चंद्रप्रकाशनं एक पेला उचलला आणि तोंड वाकडं न करता संपवला. मग दुसरा. "चेडवान केलेला आसा," तो म्हणाला. "मोरीत ओतूचा नाय."

ती उठून गॅलरीत गेली. ऊन टळटळीत होतं. बरणीतलं आगळ लालभडक, चांगलं टिकलेलं.