बायोडाट्यातली मामाची ओळ

भाचीचा लग्नाचा बायोडाटा मीच केला आणि मला त्याचा लई अभिमान होता, हे आधीच कबूल करते. मी शुक्रवार पेठेत ब्लाउज शिवते. भाची सोलापुरातच एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामाला, राहायला माझ्याकडे. तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, टेंभुर्णीला. तिचा रोज फोन, "कुटं तरी बग की गं पोरीचं. तुज्याकडं येवढ्या बायका येत्यात." मग काय, मी कंबर कसली.

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याच्या शेजारी स्टूल टाकून बसले आणि एकेक ओळ सांगून टाइप करून घेतली. लोक अर्धवट माहिती देतात, मग पुढचे फोनवर फोन करत बसतात, देवक काय, मामा कुठले. म्हटलं, आपल्यात तसलं नको. जन्मतारीख, मिनिटासकट जन्मवेळ, उंची, शिक्षण, लॅबमधून सुटायची वेळ, घराचा पत्ता, तिचा मोबाइल, तिचा मेल. आणि ‘मामा’ म्हणून लिहिलेल्या ओळीत आमच्या माढ्याच्या भावाचं नाव, आडनावासकट. वर गणपती, खाली फोटो. माझ्या फोनवर समाजाचे, गल्लीचे, शाळेतल्या मैत्रिणींचे मिळून अकरा ग्रुप. सगळ्यांवर एका दमात सोडून दिला.

भाचीनं तो वाचला आणि कपाळावर हात मारला. "मावशी, पत्ता कशाला? आणि मी कधी सुटते ते कशाला?"

"मग बघायला येणाऱ्यांनी कुलूप बघून परत जायचं का?"

ती फोन घेऊन आत निघून गेली. मला वाटलं, पटलं.

पंधरा दिवसांनी तिचा मेल उघडेनासा झाला. पासवर्ड चुकीचा म्हणे. खातं कॉलेजात असताना काढलेलं, त्याला जोडलेला फोन नंबर तिच्या वडिलांचा, आणि तो कधीच बंद पडलेला. त्या मेलवर हैदराबादच्या एका मोठ्या लॅबचं नोकरीचं पत्र यायचं होतं. मुलाखत झाली होती. पत्र आलं की चार दिवसांत होकार कळवायचा, नाहीतर जागा दुसऱ्याला. हे तिनं मला सांगितलं नव्हतं. तुम्हाला मात्र आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर तुम्हीही माझ्यासारखे तिच्यावरच चिडाल. ती त्या हैदराबादच्या लॅबला फोन करायची, तर तिकडची बाई म्हणायची, दिलेल्या मेलवरच कळवू. पोरगी जेवेना, नीट बोलेना. आणि मी आपली मशीनवरून ओरडते, "एका मेलचं एवढं काय घेऊन बसलीस? दुसरा काढ की!"

त्याच आठवड्यात शनिवारी दुपारी सांगोल्याकडचं एक स्थळ बघायला आलं. मुलगा आणि त्याची आत्या. मुलगा कॉम्प्युटरमधला, तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेला. आत्या मात्र मोकळीढाकळी, मला लगेच आवडली. मी शेंगापोळ्या वाढल्या, भाचीनं चहा आणला. आत्यानं तिला शेजारी बसवून घेतलं.

"पोरगी आमाला पसंत हाय," आत्या म्हणाली. "फकस्त ती हैदराबादची नोकरी तेवडी घिऊ नगं म्हनावं. आजच कळवायचंय न्हवं?"

"कसली नोकरी?" मी विचारलं. मला वाटलं, बाई दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतीये.

भाचीचा चेहरा पांढराफटक पडला. "पत्र आलं?" ती म्हणाली. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

आत्यानं मुलाकडं बघितलं. मुलानं शेंगापोळीकडं बघितलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. भाचीच्या खात्यात पासवर्ड विसरला की एक प्रश्न यायचा, आईचं माहेरचं आडनाव काय. मी ते अकरा ग्रुपांवर गणपतीखाली छापून वाटलं होतं. ह्या शहाण्यानं मामाच्या ओळीतून आडनाव उचललं, आत शिरला, पासवर्ड बदलला, तो प्रश्नही बदलून ठेवला आणि चार दिवस निवांत तिची पत्रं वाचत बसला.

"आवो, चोरी केली व्हय आमी?" आत्या म्हणाली. "पयलं गावात जाऊन इचारत हुतो, पोरगी कशी हाय. आता पोरानं घरबसल्या बगितलं. चौकशीच की ती!"

खरं सांगते, चौकशी मीही करते. पेठेतल्या कितीतरी पोरांची मी पानटपरीवर, पिठाच्या गिरणीत उभं राहून चौकशी केलेली आहे. पण दारात उभं राहून विचारणं वेगळं आणि घरात शिरून कपाट उघडणं वेगळं. माझं डोकं असं फिरलं! हातात कात्री नव्हती, हे त्यांचं नशीब.

"कुणी उठायचं नाही," मी दारात आडवी उभी राहिले. "आधी तिचं खातं तिच्या हातात द्या. मग तुमची चप्पल तुम्हाला."

मुलाचे कान लाल झाले, पण त्यानं गुमान पासवर्ड टाकला. भाचीनं फोन हिसकावला. पत्र मंगळवारीच येऊन पडलेलं. आज सहापर्यंतची मुदत, आणि घड्याळात सव्वाचार. ती माझ्या मशीनच्या स्टुलावर बसली, दोन ओळी लिहिल्या आणि पाठवून दिल्या. नंतर लगेच तिनं पासवर्ड बदलला.

"आमचं काय जमायचं न्हाय मग," आत्या चप्पल घालता घालता म्हणाली.

"जमायचं नाहीच!" मी म्हटलं आणि दार लावून घेतलं.

मग मी सगळ्या ग्रुपांवर बायोडाटा काढून टाका म्हणून हात जोडले. कुणी काढला, कुणी अंगठा दाखवला, एका बाईनं तर तोवर आणखी चार ठिकाणी पाठवलेला. मला माझीच लाज वाटली. माझ्या वहीतली गिऱ्हाइकांची मापं मी त्यांच्या सख्ख्या जावेलाही दाखवत नाही. कुणाची कंबर किती, हे माझ्याबरोबरच जायचं. आणि घरच्या पोरीचं सगळं मी गावभर वाटून आले.

संध्याकाळी तिला विचारलं, "मला का नाही सांगितलंस नोकरीचं?"

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही, मावशी. तू ते बायोडाट्यात घातलं असतंस."

घातलंच असतं मी. जन्मवेळेच्या वर, ठळक अक्षरांत.

महिन्याभरानं ती हैदराबादला गेली. खोलीचा पत्ता तिनं आईला कळवला. मी मागितला तर म्हणाली, "देते की." अजून दिलेला नाही.