सुगंधाचं मनगट

सन एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर होतं, मी चोवीस वर्षांचा. काल नातीच्या हातातली काचेची बांगडी टिचली, तो आवाज ऐकून ते साल आठवलं.

मी रोह्याचा कासार. शाळा दुसरीपर्यंत, पण मनगट हातात धरलं की माप सांगायचो. विचारायचं काम नाय. जवळच्या निडी गावात सुगंधा नावाची नवी सून होती. महिन्यात तिसऱ्यांदा तिने बांगड्या भरायला हात पुढे केला, तेव्हा मला नवलच वाटलं.

“गो सुगंधा, तू बांगड्या चावून खातेस काय?”

दारात सासू उभी. तिच्याकडे बघून सुगंधा हसली. “तुमचा मालच कच्चा हाय, कासारदादा.”

मनगट सुजलेलं, त्यावर काचेचे ताजे ओरखडे. तेच दाबून मी हिरवा चुडा चढवला. तिने डोळे मिटले. पुढे दिवाळीच्या आधी नवऱ्याच्या मारानेच ती गेली. आज वाटतं, मी एक शब्द विचारला असता, तर सासूदेखत ती काय बोलली असती? तेव्हा ते मनातही आलं नाय. माझ्या मालाला नाव ठेवलं, एवढंच डोक्यात बसलं.

तो चुडा भरला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी पहिली एस्टी धरून मी पेणला गेलो आणि कच्चा माल दिला म्हणून व्यापाऱ्याशी भांडलो.